आरतीची वेळ आणि शेवटचा झोन

बीजीएमआय म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, बंदुका घेऊन शेवटपर्यंत टिकून राहण्याचा मोबाइल खेळ. त्याची एक क्लासिक मॅच साधारण अर्धा तास चालते. घरातल्या मोठ्यांना या खेळातलं दुसरं काही कळलं नाही तरी चालेल, पण एवढं कळायला हवं. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा इंदूरच्या मराठी वस्त्यांत दिवेलागणीला जे आवाज चढतात, त्यांतले बरेचसे या अर्ध्या तासापायी चढतात. देवघरात समई लागलेली असते, आजी करुणात्रिपदी म्हणायला बसलेली असते, आई हाक मारते आणि आतल्या खोलीतून उत्तर येतं, "आलो, दोनच मिनिटं." दोनाची वीस होतात. मग "देवापेक्षा तुला तो गेम मोठा झाला का?" हा प्रश्न येतो, आणि त्यानंतर त्या संध्याकाळी शांतपणे बोलण्यासारखं काही उरत नाही.

त्या वीस मिनिटांत आत काय चाललेलं असतं ते नीट बघू. एरांगेल हा नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद. त्यावर विमानातून 100 खेळाडू उतरतात, बहुतेक वेळा चार-चारांचा स्क्वॉड करून. पहिली काही मिनिटं घराघरांत शिरून बंदुका, गोळ्या, औषधाच्या पेट्या गोळा करण्यात जातात. मग झोन आवळायला लागतो. नकाशावरचं सुरक्षित वर्तुळ लहान-लहान होत जातं, बाहेर राहिलेल्याचा जीव कमी होत जातो. चौघांपैकी एक घायाळ होऊन गुडघ्यांवर येतो आणि कानात ओरडतो, "भिया, रिवाइव्ह दे, रिवाइव्ह दे!" त्याला उठवायला जवळ जाऊन काही सेकंद थांबावं लागतं. या खेळाला मध्येच थांबवायचं बटण नाही. तुमचा मुलगा त्या क्षणी उठला तर बाकीचे तिघे अडकतात, त्याचे मेरिट पॉइंट, म्हणजे खेळातले वर्तणुकीचे गुण, कापले जातात, आणि दुसऱ्या दिवशी कोचिंगच्या बाकावर त्याला ऐकून घ्यावं लागतं. त्याला आरती नकोशी झालेली नसते. तिघांना दिलेला शब्द आणि आईची हाक एकाच वेळी समोर आलेली असतात.

यात त्याची चूक नाही असं मी म्हणत नाही. त्याची चूक सात वाजून दहा मिनिटांनी होत नाही, पावणेसातला होते. सव्वासातला आरती आहे हे माहीत असताना त्याने नवी मॅच सुरू केली, ती चूक. म्हणून नियमही तिथेच लागला पाहिजे. सव्वासातची आरती असेल तर साडेसहानंतर क्लासिक मॅच सुरू करायची नाही. मॅचचा अर्धा तास, सुरुवातीला खेळाडू जमेपर्यंतचा वेळ आणि हात-पाय धुवायला पाच-सात मिनिटं, असा तो हिशेब आहे. हातात वीसच मिनिटं असतील तर लिविक हा छोटा नकाशा आहे, 52 खेळाडूंचा, पंधरा मिनिटांत आटोपणारा. त्याहून कमी वेळ असेल तर चार विरुद्ध चारची टीम डेथमॅच दहा मिनिटांच्या आत संपते. आणि सवलत द्यायचीच असेल तर "किती वेळ?" असं विचारू नका, "किती जण उरलेत?" असं विचारा. वरच्या कोपऱ्यात आकडा असतो. बारा-पंधरा उरले असतील तर मॅच खरंच संपत आली आहे. साठ उरले असतील तर "दोन मिनिटं" हे खोटं आहे, आणि ते तुम्हाला कळतं हे त्यालाही कळलं पाहिजे.

प्रत्येक खेळाचं माप वेगळं असतं. माइनक्राफ्ट एकट्याने खेळत असेल तर कुठल्याही क्षणी बंद करता येतं, जग आहे तसं जतन होतं. त्यात "आत्ता नाही थांबता येत" ही सबब चालत नाही. मोबाइलवरचं क्रिकेट दोन-पाच षटकांचं असतं. तेव्हा मुलगा काय खेळतो, एक डाव किती वेळाचा आणि मध्ये थांबवता येतो का, हे तीन प्रश्न त्यालाच विचारावेत. आवडत्या गोष्टीबद्दल कोणी खरंच विचारलं की ही मुलं भरभरून सांगतात.

देवाधर्माच्या घरातली मोठी काळजी मात्र वेळेची नसते. ती पडद्यावर जे दिसतं त्याची असते. शिंगं असलेले राक्षस, कवट्या, रक्त, बंदुका. मुंज झालेला, अथर्वशीर्ष पाठ असलेला मुलगा हे दोन-दोन तास बघतो, त्याच्या मनावर काय संस्कार होत असतील? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याचं उत्तर चित्राच्या भयानकपणावरून ठरत नाही. नवरात्रात आपण जिची पूजा करतो ती महिषासुरमर्दिनी आहे, आणि तिच्या पायाखाली काय आहे ते लहान मूलही बघतं. राक्षस दिसणं आणि राक्षसाला मारणं आपल्या मुलांना नवीन नाही. खेळ कोणत्या कृत्याबद्दल शाबासकी देतो हे बघायला हवं.

इथे आईवडिलांची नजर बऱ्याचदा फसते. भुतांचा खेळ दिसला की घर हादरतं. गाड्या पळवायचा खेळ दिसला तर कोणी वळूनही बघत नाही. ग्रँड थेफ्ट ऑटोचा पाचवा भाग बाहेरून गाड्यांचाच खेळ वाटतो, पण युरोपच्या पेगी पद्धतीत त्याला 18 वर्षांचं मानांकन आहे. त्यात माणसाचा छळ खेळणाऱ्याच्या हातून करवून घेणारा प्रसंग आहे, नग्न नाचाचे क्लब आहेत. तेरा वर्षांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर तो असू नये असं मला ठामपणे वाटतं, आणि तो तिथे पोचतो तो बहुतेक वेळा मित्राच्या पेन ड्राइव्हमधून, म्हणजे वयाची चौकशी कोणी केलेलीच नसते. प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाच्या नावाखाली 3+, 7+, 12+, 16+, 18+ यांपैकी एक आकडा असतो. त्याला हात लावला की कारणही उघडतं: हिंसा, शिव्या, जुगारसदृश गोष्टी, खेळातल्या खरेदी. दोन मिनिटांचं काम आहे. ते न करता खेळ चांगला की वाईट हे पडद्यावरच्या रंगांवरून ठरवू नये.

देवच पात्र म्हणून येतात त्याचं काय, हेही विचारलं जातं. 2012 मध्ये स्माइट नावाच्या खेळात कालीमातेला जे कपडे दिले होते त्यावरून हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला होता, आणि तो आक्षेप मला समजतो. दुसरीकडे पुण्यात तयार झालेला राजी हा खेळ 2020 मध्ये आला. त्यात भावाला शोधायला निघालेल्या मुलीच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू उभे राहतात. देवाचं नाव आलं म्हणून खेळ पवित्र होत नाही आणि अपवित्रही होत नाही. देव तिथे कसा दाखवलाय ते मुलाबरोबर बसून अर्धा तास बघावं आणि मग बोलावं.

आता ज्या गोष्टीची काळजी सगळ्यांत जास्त करायला हवी आणि सगळ्यांत कमी केली जाते तिच्याकडे येतो. ती म्हणजे क्रेट. खऱ्या पैशांनी यूसी, म्हणजे खेळातलं चलन, विकत घ्यायचे, त्या यूसीने पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. बंदुकीवर चढवायचा रंग, कपडे, गाडी. पेटी थरथरते, प्रकाश फाकतो, क्षणभर काही दिसत नाही, मग वस्तू समोर येते. बहुतेक वेळा ती किरकोळ असते. ज्या घरात पत्ते पैशांवर खेळणं पाप मानतात त्याच घरात हे चालतं, कारण बघणाऱ्याला तो जुगार वाटत नाही.

आपल्याकडे यावरचं सगळ्यांत जुनं बोलणं ऋग्वेदात आहे, दहाव्या मंडलातलं 34वं सूक्त, जुगाऱ्याचं. त्यातल्या पाचव्या ऋचेत जुगारी म्हणतो की मी मनाशी ठरवतो, आता खेळणार नाही, पण मित्र मला सोडून तिकडे निघून जातात, फासे पटावर पडल्याचा आवाज येतो, आणि मी ओढला जातो. मित्र पुढे जाणं आणि तो आवाज, या दोन गोष्टींवर आजचा प्रत्येक मोबाइल गेम उभा आहे. नवव्या ऋचेत म्हटलंय की फाशांना हात नाहीत, तरी ते हात असलेल्या माणसाला जिंकतात. आणि तेराव्या ऋचेत स्पष्ट सांगितलंय, अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व. फासे खेळू नकोस, शेती कर. ज्या घरात वेदपाठाचा आदर आहे तिथे हे सूक्त मुलासमोर अर्थासह वाचावं. त्यात उपदेश कमी आणि स्वतःची फजिती जास्त आहे, सासू तिरस्कार करते, बायको दूर लोटते, आई कळवळते. पंधरा वर्षांच्या मुलाला ते लगेच पोचतं.

मग गणित. लुडोतले दोन फासे घ्या. दोन्हींवर सहा पडण्याची शक्यता 36 मध्ये एक. मुलाला विचारा, 36 वेळा टाकले तर दोन सहा नक्की पडतील ना? तो बहुधा हो म्हणेल. घरातल्या प्रत्येकाने 36-36 वेळा टाकून बघावं. शंभर जणांनी टाकले तर साधारण 36 जणांना एकदाही पडणार नाहीत. क्रेटचंही असंच आहे. शक्यता एक टक्का लिहिली असेल आणि शंभर पेट्या उघडल्या, तरी दर शंभरांतली सुमारे 37 मुलं रिकाम्या हातानेच उठतात. ही टक्केवारी बऱ्याच खेळांत पेटीच्या पानावरच, बारीक अक्षरांत किंवा प्रश्नचिन्हाच्या खुणेमागे लिहिलेली असते. काही पेट्यांत ठरावीक वेळा उघडल्यावर वस्तू नक्की मिळते. ती संख्या आणि एका पेटीची किंमत यांचा गुणाकार मुलाला कागदावर करू द्या. "तू पैसे उडवतोस" या वाक्यापेक्षा तो गुणाकार जास्त काम करतो.

पैसे बाहेर पडायच्या वाटाही बंद करायला हव्यात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती प्रत्येक खरेदीला लागेल अशी ठेवा. पण घरातल्या मुलाच्या बोटाचा ठसा वडिलांच्या फोनमध्ये नोंदवलेला असेल तर या कुलपाला अर्थ राहत नाही, आणि तो बऱ्याच फोनमध्ये असतो. कधीतरी "फोन पटकन उघडता यावा" म्हणून नोंदवलेला. दुसरी वाट यूपीआय लाइट. 1,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार त्यातून पिनशिवाय होतो. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंदच असावं. तिसरी वाट रिडीम कोडची, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या कूपनसारख्या कोडची. गुगल फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपमध्ये "खरेदीला पालकांची परवानगी" लावली तरी ती प्ले स्टोअरच्या बिलातून होणाऱ्या खरेदीलाच लागते. बाहेरून घेतलेला कोड खेळाच्या वेबसाइटवर वापरला तर तुम्हाला निरोप येत नाही. महिन्यातून एकदा प्ले स्टोअरमध्ये "बजेट आणि हिस्टरी" उघडून बघा आणि बँकेचं स्टेटमेंटही बघा. न विचारता झालेली खरेदी सापडली तर 120 दिवसांच्या आत गुगलकडे अनधिकृत व्यवहार म्हणून तक्रार करता येते. आधी तक्रार, रागवायचं मागाहून.

थेट पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली आहे. त्याने टीव्हीवरच्या जाहिराती गेल्या, पण टेलिग्रामवरचे "आज लाल की हिरवा" छाप, रंगावर पैसे लावायला सांगणारे ग्रुप जाहिरातीवर जगतच नव्हते. मुलाच्या फोनमध्ये असा ग्रुप दिसला तर तो काळजीचा विषय आहे, बीजीएमआयपेक्षा कितीतरी जास्त. खेळातला आयडी, म्हणजे तयार खातं विकतो, यूसी स्वस्तात देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

माइकबद्दल थोडकंच. शिव्या कानावर पडतात त्या बहुतेक अनोळखी खेळाडूंच्या. ऑडिओच्या सेटिंगमध्ये आवाज "ऑल" ऐवजी "टीम" केला आणि ओळखीच्या चौघांचाच स्क्वॉड ठेवला, तर बरीच घाण बाहेर राहते.

वयाच्या अटीत एक मोठी फट आहे. बीजीएमआय 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासच खेळू देतं आणि त्यासाठी पालकांच्या नंबरवर ओटीपी पाठवतं. तो ओटीपी "बाबा, एक नंबर आला असेल, सांगा ना" एवढ्यावर मिळून जातो, किंवा मुलगा जन्मवर्षच वेगळं घालतो, किंवा खेळ वडिलांच्या गुगल खात्यातून उघडलेला असतो आणि त्याला समोर चाळिशीतला माणूस दिसतो. म्हणून मुलाचं स्वतःचं, खऱ्या जन्मतारखेचं खातं असावं, ते फॅमिली लिंकला जोडावं, आणि तिथे पूर्ण फोनची मर्यादा लावण्याऐवजी त्या एका खेळाची मर्यादा लावावी. पूर्ण फोन बंद झाला की शाळेच्या ग्रुपवरचा अभ्यासही बंद होतो, मग दोन दिवसांत तुम्हीच कंटाळून मर्यादा काढून टाकता. वाय-फायला रात्री दहाचं कुलूप लावलं आणि फोनमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा तसाच राहिला, तर त्या कुलपाचा उपयोग नाही. आजीचा फोनही विसरू नये.

सरकारनेच सगळं बंद करावं असं अनेकांना वाटतं. 2020 च्या सप्टेंबरमध्ये पबजी बंद झालं, मुलं फ्री फायरकडे गेली. 2022 च्या फेब्रुवारीत फ्री फायर बंद झालं, फ्री फायर मॅक्स चालूच राहिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये बीजीएमआयही प्ले स्टोअरवरून काढून टाकलं गेलं आणि 2023 च्या मेमध्ये ते परत आलं. घराचा नियम घरालाच करावा लागतो.

तो नियम करताना एक गोष्ट मात्र कधीही करू नये, आणि ही मी अगदी कळकळीने सांगतो: उपासनेला शिक्षा बनवू नका. "जास्त खेळलास, आता 108 वेळा गायत्री म्हण." "आरती होईपर्यंत फोन मिळणार नाही." अशी वाक्यं चार महिने ऐकली की मुलाच्या मनात आरती म्हणजे फोन हिसकावला जाण्याची वेळ होते. फोन आरतीच्या आधीच, जेवणाच्या टेबलावर किंवा चार्जिंगच्या जागी, सगळ्यांचे एकत्र ठेवले जावेत, वडिलांचाही. शेअर बाजाराचे निरोप बघत टाळ वाजवणाऱ्या वडिलांचं मुलगा ऐकणार नाही. आणि आरतीत त्याला काम द्या. झांज त्याच्या हातात द्या, मंत्रपुष्पांजली त्याने सुरू करावी. नुसतं हात जोडून उभं राहायला बोलावलेला मुलगा मनाने अजून झोनमध्येच असतो.

खेळ हा आजार कधी होतो याचं माप जागतिक आरोग्य संघटनेने दिलेलं आहे. 2022 च्या जानेवारीपासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्यासाठी तीन खुणा आहेत: खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ पुढे येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं, आणि त्यामुळे अभ्यास, घर, मैत्री खरोखर कोलमडलेली असावी. परीक्षेनंतरच्या सुट्टीत रोज तीन तास खेळणारा मुलगा या मापात बसत नाही. जेवण सोडणारा, शाळा चुकवणारा, घरातून पैसे उचलणारा बसू शकतो, आणि तिथे वर्षभर वाट बघत बसू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन केला तर पैसे लागत नाहीत आणि चोवीस तास बोलता येतं. फोन हातातून ओढून घेणं, आपटून फोडणं हे अशा मुलाच्या बाबतीत धोक्याचंच आहे. स्वतःला संपवण्याची भाषा एकदा जरी त्याच्या तोंडून निघाली तरी तिला धमकी समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. नवस, अंगारा, गंडा ज्याला करायचा त्याने करावा, पण डॉक्टरकडे जायला त्याने उशीर होता कामा नये.

बाकीच्या घरांसाठी आपल्या परंपरेत एक तयार साधन आहे, ते म्हणजे नियम धरणं. चातुर्मासात आजी कांदा-लसूण सोडते, कोणी एक वेळ जेवतं. त्यात तीन गोष्टी असतात: काय सोडलं ते नेमकं ठरलेलं, कधीपर्यंत ते ठरलेलं, आणि संकल्प स्वतःचा. मुलावर लादलेल्या बंदीत या तिन्ही नसतात. चातुर्मास त्याच्यासाठी फार लांब आहे. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतचे दिवस ठीक आहेत. "गेम सोडतो" असं मोघम नको. "साडेसहानंतर क्लासिक मॅच सुरू करणार नाही आणि एकही क्रेट उघडणार नाही" असं मोजता येईल ते हवं, आणि ते त्याच्या तोंडून यायला हवं. त्याच दिवसांत वडिलांनीही आपला एक नियम धरावा.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलाचा नियम मोडतो. बहुतेक वेळा एखाद्या मित्राच्या आग्रहामुळे किंवा खेळात नेमका सणाचा खास इव्हेंट आल्यामुळे, आणि सणासुदीला असे इव्हेंट येतातच. हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे मोडल्यावर लपवाछपवी होत नाही. मोडला तर दिवस वाढवू नयेत, शिक्षा जोडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच नियम. दसऱ्याला नियम संपला की संपला असं स्पष्ट सांगावं, त्या संध्याकाळी त्याला हवं तेवढं खेळू द्यावं, आणि पुढे दिवाळीपर्यंत काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे दोन दिवसांनी त्यालाच विचारावं.